शेवट माहीत नसताना लिहिलेला इतिहास

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं मेनार्ड. तिथली लोकरीची जुनी गिरणी. 1957 साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी इथे भाड्यानं जागा घेतली. हाताशी 70,000 डॉलर, आणि पैसे देणाऱ्यांची एक ताकीद: 'कॉम्प्युटर' हा शब्द काढायचा नाही, त्या धंद्यात लोक हात पोळून घेतायत. म्हणून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं आधी सर्किटची मॉड्यूल्स विकली. पुढे कॉम्प्युटर बनवला, त्याचंही नाव ठेवलं 'प्रोग्राम्ड डेटा प्रोसेसर'. पीडीपी.

असली कारणं माहितीपत्रकात छापत नाहीत. ती आतल्या माणसानंच सांगायची.

1978 साली गॉर्डन बेल यांनी ती सांगितली. बेल कंपनीच्या इंजिनिअरिंगचे प्रमुख. दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कंपनीच्या यंत्रांचा जाडजूड इतिहास लिहिला. छापला कंपनीच्याच प्रकाशनानं, त्यामुळे साहेबलोकांची भांडणं त्यात शोधू नका. पण यंत्रांच्या बाबतीत हा माणूस हातचं राखत नाही.

पीडीपी-11 चंच घ्या. 1970 चं हे यंत्र धडाक्यात खपलं. बेल मात्र 1976 च्या एका निबंधातच सांगून बसले होते, की आमचं चुकलं. मेमरीचा ॲड्रेस, म्हणजे मेमरीतल्या प्रत्येक जागेचा क्रमांक, 16 बिटांचा ठेवला. 16 बिटांत 65,536 बाइट्स मावतात, त्यापलीकडे प्रोग्रामला थेट बघताच येत नाही. मेमरी स्वस्त होत गेली आणि अंगरखा आखूड पडला. बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही निस्तरणं फार अवघड, असं बेल यांचं मत. 1977 मध्ये आलेल्या कंपनीच्या 'व्हॅक्स' या यंत्राच्या नावातच या चुकीचं उत्तर आहे: व्हर्च्युअल ॲड्रेस एक्स्टेन्शन, थोडक्यात ॲड्रेस वाढवणं. बाहेरच्याला ते नवं यंत्र वाटलं. आतल्यांसाठी ती दुरुस्ती होती.

1998 मध्ये कॉम्पॅक या दुसऱ्या कॉम्प्युटर कंपनीनं डिजिटल 960 कोटी डॉलरना घेतली. त्यानंतरच्या बहुतेक कहाण्या पडझडीपासून मागे चालत येतात. घरात कॉम्प्युटर कशाला हवा, हे ओल्सन यांचं 1977 चं वाक्य तर हमखास येतं. आपण घर चालवणाऱ्या यंत्राबद्दल बोललो होतो, हा त्यांचा खुलासा क्वचितच. बेल यांच्या पुस्तकाला 1998 ठाऊकच नाही. त्यात पीडीपी-11 ची चूक फक्त 16 बिटांची आहे, अपशकुनाची नाही.

1979 मध्ये कंपनीच्याच मार्लबरोच्या इमारतीत कॉम्प्युटरचं संग्रहालय उघडलं. पुढाकार गॉर्डन आणि ग्वेन बेल या दांपत्याचा. तो संग्रह पुढे कॅलिफोर्नियाला गेला. जुन्या पीडीपी आता तिथल्या माउंटन व्ह्यूमध्ये बघायला मिळतात.