गंगादासांच्या शाळेपर्यंत

(पहाट. गाडीच्या खिडकीतून फलाटाची पाटी.)

वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. पुण्याहून मी एकटीच निघाले आहे. इथून ग्वाल्हेर शंभरेक किलोमीटर, गाडीला दीड तास पुरतो. राणीला याच अंतरासाठी जवळजवळ दोन महिने लागले. एप्रिल १८५८ च्या सुरुवातीला तिने झाशी सोडली, काल्पी गाठली. काल्पीही पडली, तेव्हा रावसाहेब पेशवे आणि तात्या टोप्यांबरोबर तिने ग्वाल्हेरकडे घोडा वळवला.

(फुलबाग. पुतळ्यामागून वर येणारं ऊन.)

सकाळचे सहा. मुद्दाम जूनमध्ये आले, आणि राणीच्या स्मृतिदिनाच्या जत्रेच्या आठवडाभर आधी, म्हणजे इथे शांतपणे बसता येईल. घोड्यावरची राणी, उगारलेली तलवार, खाली समाधी.

या बागेने त्या एका महिन्यात दोन टोकं पाहिली. १ जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची फौज पेशव्यांच्या बाजूला मिळाली आणि महाराज आग्र्याला गेले. ३ जूनला इथेच, फुलबागेत, दरबार भरला आणि नानासाहेबांची पेशवे म्हणून द्वाही फिरली. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांच्या आत याच परिसरात राणीची चिता पेटली.

कोणत्या दिवशी? इंग्रजांच्या नोंदी १७ जून म्हणतात, आपण १८ जून मानतो. तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी, शके १७८०.

(स्वर्णरेखा नाला. पुलावरून.)

ही स्वर्णरेखा. आता दोन्ही काठ सिमेंटचे, आणि वरून जाणाऱ्या उन्नत रस्त्याचे खांब. कोटा-की-सरायकडून इंग्रजांचं घोडदळ चालून आलं, आठव्या हुसार पलटणीचं. ऊन असं होतं, की त्यांचे काही स्वार उष्माघातानेच गेले. राणीचा घोडा एका नाल्याशी अडला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तो नाला हाच, असं ग्वाल्हेरात कुणीही सांगेल.

पाणी पाहा.

(गंगादासांची मोठी शाळा. दार, अंगण, मग शस्त्रं, अगदी जवळून.)

आणि आता मी ज्यासाठी आले ती जागा. समाधीपासून चालत येण्याइतकी जवळ. तरी फुलबागेत फोटो काढणारी बहुतेक माणसं तिथूनच रिक्षा करून किल्ल्याकडे वळतात. सकाळी दोन तास बसले होते, एकानेही शाळेचा रस्ता विचारला नाही.

हा साधूंचा मठ, बोलीत ‘बडी शाला’. तेव्हाचे महंत गंगादास. जखमी राणीला तिच्या माणसांनी इथे आणलं, महंतांनी तिच्या मुखात गंगाजल घातलं, असं शाळेत सांगतात. आपला देह इंग्रजांच्या हाती लागू नये, हे तिचं शेवटचं मागणं. चितेला लाकूड कुठून आणायचं? झोपडी मोडली, गवताची गंजी ओढली आणि अग्नी दिला.

चिता पूर्ण जळायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणीतरी इंग्रजांना अडवून धरायला हवं होतं. ते साधूंनी केलं. जपमाळ ओढणारे हात, आणि त्या हातांत ही हत्यारं. या तलवारी, हे भाले. मुठी पाहा, किती झिजल्या आहेत. शाळेच्या परंपरेत मृत साधूंचा आकडा ७४५ सांगतात. अंगणात त्यांच्या समाध्या आहेत. राणीचं नाव आपल्या प्रत्येक गावात रस्त्याला आहे, शाळेला आहे, चौकाला आहे. या साधूंसाठी मी इथे आणलेली फुलं आज सकाळपासूनची पहिलीच होती.

(अंगण. काही सेकंद निवेदन नाही.)

(लष्कर. गल्ली, जाळीचा गॅलरीवजा सज्जा, चहाचे कप.)

लष्कर म्हणजे मुळात छावणीच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, आणि दक्षिणेतून आलेली मराठी घरं इथेच रुजली. त्यातल्याच एका घरी चहा झाला. “एकटीच आलीस? अगं, धूप किती तेज आहे, थोडी सुस्तावून जा,” काकू म्हणाल्या. मग विचारलं, “शाळेत गेली होतीस ना?” गेले होते म्हटल्यावर त्यांनी लाडवाचा डबा पुढे केला.

(किल्ला, दुरून. दुपारचा उन्हाळा.)

पुढचं थोडक्यात. १९ जूनला लष्कर पडलं, २० ला किल्ला. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत फाशी झाली. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. किल्ला इंग्रजांनी १८८६ पर्यंत सोडला नाही. सोडला तेव्हा शिंद्यांकडून बदल्यात झाशी घेतली. समोरच्या या भिंती आणि पहाटे गाडीतून दिसलेलं ते शहर, यांची अदलाबदल झाली.

(सराफा बाजार. संध्याकाळ, दिवे लागताना.)

शेवटची जागा. अमरचंद बांठिया, शिंद्यांच्या खजिन्याचे कारभारी, मूळचे बिकानेरचे. पगार थकलेल्या बंडवाल्या फौजेसाठी त्यांनी खजिना उघडून दिला. २२ जून १८५८ रोजी त्यांना इथे, भर सराफ्यात, कडुलिंबाच्या झाडाला फाशी दिलं. प्रेत तीन दिवस तसंच टांगून ठेवलं होतं, असं सांगतात.

त्यांचा हा अर्धपुतळा. मागे दुकानांत अजून गिऱ्हाईक आहे. शाळेतल्या फुलांपैकी एक झेंडू मी पिशवीत राखून ठेवला होता.

(हात, झेंडू, पुतळ्याचा चौथरा. बाजाराचा आवाज तसाच चालू.)