डोंगरातला समुद्रदेव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी किरकोळ संपादन करून)

अध्यक्षमहोदया, मंडळाचे ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

सर्वांना नमस्कार. प्राचीन ग्रीकांच्या देवदेवतांवर बोला, असे कार्यकारिणीने सुचवले तेव्हाच मी सांगून टाकले होते की अर्ध्या तासात ऑलिंपसवरचे बारा देव उरकणे मला जमणार नाही. त्यांची नावे आणि खाती आपल्या मुलांना इथल्या शाळेत पाठ होतातच. मागच्या वर्षी आपल्या रविवारच्या मराठी वर्गातील एका मुलीने मला विचारले होते, “काका, पोसायडन म्हणजे आपला वरुणच ना?” मी “साधारण तसाच” म्हणून वेळ मारून नेली, आणि ते उत्तर मला नंतर डाचत राहिले. तिला तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज सांगतो आणि त्यासाठी पोसायडन या ग्रीकांच्या एकाच समुद्रदेवापाशी थांबतो.

सुरुवात कोल्हापुरापासून करतो. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथे सातवाहनकाळातील वस्तीचे अवशेष उजेडात आले, आणि ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाही हाती लागला. त्या साठ्यात रोमन बनावटीच्या चिजांबरोबर दाढीधारी पुरुषाची एक छोटी उभी मूर्ती निघाली. ती पोसायडनची आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती ठेवलेली आहे आणि शाळेच्या सहलीत मी तिच्यासमोरून गेलो होतो. पण तोफा आणि जुन्या तलवारी पाहण्याच्या नादात त्या मूर्तीकडे माझे लक्ष गेले नाही, आणि ती कोणाची, हे मला कळायला पुढे पंचवीस वर्षे लागली. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर ग्रीक-रोमन जहाजे येत होती हे आपण सगळेच ऐकून आहोत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेत कल्याण आणि चौल या बंदरांचे उल्लेख आहेत, घाटमाथ्यावरच्या पैठण आणि तेर या गावांचेही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांचे दान देणाऱ्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, शिलालेख तर आजही वाचता येतात. त्यामुळे ती मूर्ती महाराष्ट्रात सापडली याचे नवल कमी. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून, खाऱ्या पाण्याचा वाससुद्धा पोहोचत नाही अशा गावी आला, याचे नवल अधिक, असे मला तेव्हा वाटले होते. ग्रीक ग्रंथ वाचू लागल्यावर ते नवलही ओसरले, कारण खुद्द ग्रीसमध्ये हा देव डोंगरात, समुद्रापासून दूर, मोठ्या मानाने नांदत होता.

आधी त्याच्या हातातल्या शस्त्राविषयी थोडेसे. तीन टोकांचे शस्त्र दिसले की आपल्या डोळ्यांपुढे शंकर उभा राहतो. पोसायडनचा त्रिशूळ मात्र मूळचा कोळ्याचा आहे. मोठे मासे भोसकण्यासाठी भूमध्य समुद्रावरचे मच्छीमार असे तीन टोकांचे भाले वापरत, आणि नाटककार एस्किलसने त्याच्या त्रिशुळाला सरळ मासे मारण्याचे हत्यार म्हटले आहे. राजदंड म्हणून मिरवावी अशी ती वस्तू नव्हती. राज्य मात्र त्याच्या वाट्याला आले, आणि तेही चिठ्ठ्या टाकून. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात तो स्वतःच हा हिशेब मांडतो. आम्ही तीन भाऊ, वाटणी झाली तेव्हा मला करडा समुद्र मिळाला, हेडीसला अंधारा पाताळलोक आणि झ्यूसला आकाश. पृथ्वी आणि ऑलिंपस मात्र तिघांच्या सामाईक मालकीचे आहेत, तेव्हा झ्यूसने आपल्या तिसऱ्या हिश्श्यात सुखाने राहावे आणि मला धाक दाखवू नये. हा उतारा वाचताना भाऊबंदकी आठवणार नाही असा मराठी वाचक विरळा. शेवटी तो धुसफुसत माघार घेतो, पण पृथ्वीवरचा आपला हक्क सोडल्याचे कुठेही म्हणत नाही.

त्या हक्काची खूण त्याच्या नावांत आहे. होमर त्याला ज्या बिरुदांनी वारंवार हाक मारतो त्यांचा अर्थ ‘भूमी हलवणारा’ असा होतो. ग्रीसची जमीन सतत हादरत असते, आणि तो हादरा पोसायडनचा, हे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले होते. त्याचेच दुसरे एक नाव ‘आस्फालिओस’, म्हणजे स्थिर ठेवणारा, सावरणारा. जो हलवतो त्यालाच ‘आता स्थिर राहू दे’ म्हणून विनवायचे, यात ग्रीकांना विसंगती वाटत नसे, आणि देवीच्या कोपाची आणि कृपेची एकाच दमात आळवणी करणाऱ्या आपल्यालाही ती वाटायला नको. झेनोफोन या इतिहासकाराने सांगितलेला एक प्रसंग मला फार आवडतो. स्पार्टाचा राजा एजेसिपोलिस फौज घेऊन आर्गोसच्या मुलखात शिरला आणि पहिल्याच संध्याकाळी, जेवण आटोपत असताना, भूकंप झाला. त्याच्याभोवतीच्या स्पार्टन लोकांनी ताबडतोब पोसायडनचे स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. इतर सैनिकांना वाटले, आता परत फिरायचे. राजा म्हणाला की मी शिरण्याआधी धरणी हलली असती तर देवाने मला अडवले असे मानले असते, शिरल्यावर हलली म्हणजे तो मला प्रोत्साहनच देतो आहे. दुसऱ्या दिवशी त्याने पोसायडनला बळी दिला आणि पुढे कूच केले.

प्रत्येक वेळी प्रकरण इतक्यावर निभावत नसे. पेलोपोनीसच्या उत्तर किनाऱ्याजवळ हेलिकी नावाचे शहर होते. तिथे पोसायडनचे फार जुने देवस्थान होते आणि आशिया मायनरमध्ये जाऊन वसलेले आयोनियन ग्रीक त्याला आपले मूळ ठाणे मानत. त्यांनी हेलिकीकडे मूर्ती मागितली, निदान देवस्थानाची प्रतिकृती तरी करू द्या म्हणाले, आणि हेलिकीकरांनी नकार दिला. (घर सोडून दूर गेलेल्यांना मूळ गावाकडून काय उत्तरे मिळतात, याचा अनुभव या सभागृहात अनेकांना असेल.) इ.स.पूर्व ३७३च्या हिवाळ्यात, रात्रीच्या वेळी, भूकंप आणि पाठोपाठ समुद्र असे दोन्ही त्या शहरावर आले आणि ते सगळेच्या सगळे पाण्याखाली गेले. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की शेजारच्या गावांनी प्रेते काढण्यासाठी दोन हजार माणसे पाठवली, पण त्यांना ते जमले नाही. त्याच्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. एराटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान त्या जागी गेला असता तिथल्या नावाड्यांनी त्याला सांगितले की खाली पाण्यात पोसायडनची ब्राँझची मूर्ती अजून उभी आहे आणि जाळी टाकणाऱ्या कोळ्यांना तिच्यापासून जपावे लागते. ज्याच्या हातात कोळ्याचा भाला, त्याच्याच मूर्तीत कोळ्यांची जाळी अडकण्याचे भय, यावर मी वेगळे काही बोलत नाही. पुढे शतकानुशतके लोक ते शहर समुद्रतळाशी शोधत राहिले. २००१ साली त्याचे अवशेष सापडले ते किनाऱ्यापासून आत, जमिनीखाली, एका जुन्या खाजणाच्या गाळात.

पोसायडन किती जुना, याचा पुरावा पिलोस येथे मिळतो. नैर्ऋत्य ग्रीसमधला तिथला राजवाडा इ.स.पूर्व १२००च्या सुमारास जळाला. त्या आगीत दप्तरातील मातीच्या कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या आणि म्हणूनच उरल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी त्यांची लिपी उलगडली तेव्हा त्यांतून नैवेद्याच्या याद्या बाहेर आल्या. त्यांत पोसायडनचे नाव ठळक आहे, झ्यूसपेक्षाही ठळक. एका पाटीवर त्याच्यासाठी कोणी काय द्यायचे ते लिहिले आहे: गहू, मद्य, एक बैल, चीज, मेंढीचे कातडे, मध. एखाद्या देवस्थानाच्या कारभाऱ्याने वहीत टिपून ठेवावे तशी ती नोंद आहे. होमरच्या ‘ओडिसी’त नायक ओडिसिअसचा मुलगा टेलेमाकस पिलोसच्या किनाऱ्याला लागतो तेव्हा तिथे याच देवासाठी काळ्या बैलांचे बळी चालू असतात. नऊ पंगती, प्रत्येक पंगतीत पाचशे माणसे आणि प्रत्येकीपुढे नऊ बैल. पाट्या आणि काव्य यांच्यात चारएक शतकांचे अंतर असावे. तरीही देव तोच आणि गावही तेच.

आता डोंगराकडे वळू. पेलोपोनीसच्या मध्यभागी आर्केडिया हा प्रदेश आहे, सर्व बाजूंनी पर्वतांनी वेढलेला. तिथे मँटिनियाजवळ ‘अश्वांचा पोसायडन’ या नावाने त्याचे देवस्थान होते. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस लिहितो की आत जाण्यास सर्वांनाच मनाई होती, पण अडवण्यासाठी ना भिंत होती ना कडी. दारावर लोकरीचा एक धागा आडवा ताणलेला होता, तेवढाच. एपिटस नावाच्या माणसाने तो धागा तोडला आणि आत पाऊल टाकले, तेव्हा समुद्राच्या पाण्याची एक लाट त्याच्या डोळ्यांवर आदळली, तो आंधळा झाला आणि थोड्याच काळात मरण पावला. डोंगरांनी वेढलेल्या त्या पठारावर समुद्राची लाट कुठून येणार, हा प्रश्न आर्केडियाच्या माणसाला पडत नसे. तिथला डोंगर चुनखडीचा आहे. नद्या वाहता वाहता एखाद्या विवरात शिरतात, गडप होतात आणि कोसभर दूर पुन्हा वर येतात. विवर तुंबले तर शेते तळे होतात. जमिनीच्या पोटात पाणी आहे, ते हालते आहे आणि कधीही वर येईल, ही तिथली रोजची माहिती होती, आणि ते पाणी पोसायडनचे होते. त्याच आर्केडियात अशी कथा होती की डीमीटर ही धान्याची देवी त्याला चुकवण्यासाठी घोडी झाली आणि तो घोडा झाला. समुद्र, भूकंप आणि घोडा यांना एकत्र बांधणारा धागा विद्वान अनेक प्रकारे दाखवतात. मला तो असा दिसतो की समुद्र, जमीन आणि घोडा या तिन्हींच्या पाठीवर माणूस विश्वासाने बसतो, आणि ती कधी उसळतील ते त्याच्या हाती नसते.

त्याच पॉसेनिअसने अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर खडकातली त्रिशुळाची खूण आणि खाऱ्या पाण्याचे टाके पाहिले. दक्षिणेचा वारा सुटला की त्या टाक्यातून लाटांचा आवाज येतो, असे तो लिहितो. अथेन्सच्या स्वामित्वासाठी पोसायडन आणि अथेना यांच्यात स्पर्धा लागली, त्याने खडकावर प्रहार करून खारे पाणी काढले, तिने ऑलिव्हचे झाड लावले आणि निकाल तिच्या बाजूने लागला, ही कथा आपण जाणताच. अथेन्सकरांचा व्यवहारीपणा पाहा: हरलेल्या देवालाही त्यांनी त्याच टेकडीवर जागा दिली. आर्गोसमध्येही तो झ्यूसची पत्नी हेरा हिच्यापुढे हरला आणि तिथे मात्र त्याने निकाल देणाऱ्या नद्यांचेच पाणी आटवले. पावसाशिवाय आर्गोसच्या नद्यांना पाणी का नसते, याचे तेथील लोकांकडे हे उत्तर होते.

म्हणून त्या मुलीला आज मी सांगेन की वरुण नव्हे, बाळ. झ्यूस आणि आपला द्यौस् यांची नावे खरोखरच एका मुळातून आली आहेत, ‘झ्यूस पातेर’ आणि ‘द्यौष्पितर्’ शेजारी ठेवले की कानालाच ते कळते; पण आपल्याकडे द्यौस् मागे पडला आणि तिकडे झ्यूस राजा झाला, म्हणजे नाव एक असूनही देव एक राहिला नाही. वरुण आणि पोसायडन यांचे तर नावही जुळत नाही. ऋग्वेदातला वरुण ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रक्षक आहे, माणसाचे पाप त्याला दिसते आणि भक्त त्याच्याकडे क्षमा मागतो. पोसायडनला ऋताशी फारसे कर्तव्य नाही. त्याचा राग घरगुती आहे. ओडिसिअसने त्याच्या मुलाचा, पॉलिफीमसचा, एकुलता एक डोळा फोडला, एवढ्यासाठी तो त्याला वर्षानुवर्षे घरी पोहोचू देत नाही. डोळा फोडण्यापूर्वी त्या मुलाने ओडिसिअसचे सहा सोबती खाल्ले होते, हे त्याच्या हिशेबात येत नाही.

त्या रागातून सुटण्याचा मार्ग पाताळलोकात टायरिसिअस हा द्रष्टा सांगतो. ओडिसिअसने घरी पोहोचून सर्व शत्रूंचा निकाल लावल्यानंतर एक वल्हे खांद्यावर घ्यावे आणि देशात आत आत चालत जावे. ज्यांना समुद्र ठाऊक नाही, जे अन्नात मीठ घालत नाहीत, ज्यांनी जहाज पाहिलेले नाही, अशा लोकांपर्यंत जावे. वाटेत भेटलेला एखादा वाटसरू जेव्हा विचारील की खांद्यावर हे उफणणीचे फावडे कशाला घेतले आहेस, तेव्हा थांबावे. खळ्यावर धान्य वाऱ्यावर उडवून भूस वेगळे करण्याचे लाकडी फावडे आणि वल्हे दिसायला सारखेच असतात. तिथेच ते वल्हे जमिनीत रोवावे आणि पोसायडनला एक मेंढा, एक बैल आणि एक नर डुक्कर अर्पण करून परत फिरावे. ज्या गावात देवाचे नावही कोणी ऐकलेले नाही, तिथे त्याची पहिली पूजा त्यानेच छळलेल्या माणसाच्या हातून व्हायची, अशी ही अट आहे.

कोल्हापूरला मागच्या खेपेस गेलो तेव्हा मुद्दाम टाउन हॉलमध्ये जाऊन त्या मूर्तीपुढे उभा राहिलो. बाहेर बागेत शाळेची मुले डबे खात बसली होती. ब्रह्मपुरीला ती मूर्ती कोणी आणली असेल, व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून आली असेल की कोणा यवनाने घाट चढताना उराशी धरून आणली असेल, याचा विचार करताना मला ते वल्हे आठवले. घरी परतलेला ओडिसिअस आपल्या पत्नीला, पेनेलोपीला, पहिल्याच रात्री सांगून टाकतो की मला अजून एकदा जायचे आहे. तो निघतो ते मात्र होमर दाखवत नाही. काव्य त्याआधीच संपते.