बातमीनंतरचा श्वास

मंडळी, रोजच्या बातमीपत्राला घाई असते. शनिवार-रविवारच्या रेडिओ कार्यक्रमाला सवड असते, आणि म्हणून त्याचं काम जास्त अवघड. एकाच तासात युद्धभूमीवरून वार्ताहर बोलतो, मागोमाग एखाद्या चित्रकर्तीची मुलाखत, मग नव्या नाटकाविषयी. हे सगळं एकत्र कसं बसतं, असं मला विचारतात. ते आपोआप बसत नाही, बसवावं लागतं. बसवण्याची जागा एकच : एक विषय संपून दुसरा सुरू होतो तो सांधा.

अमेरिकेत एनपीआर या सार्वजनिक रेडिओने 1987 साली रविवारची सकाळ निवेदिका सूझन स्टॅम्बर्ग यांच्या हाती दिली. रविवारच्या वर्तमानपत्रासारखा कार्यक्रम व्हावा, ही त्यांची कल्पना. आता वर्तमानपत्रात कोडं असतंच, म्हणून रेडिओवरही कोडं आलं. बीबीसीवर पत्रकार ॲलिस्टर कुक 1946 ते 2004 दर आठवड्याला अमेरिकेहून एक पत्र वाचत राहिले. जॅझ, गोल्फ, निवडणुका, सगळं त्यात यायचं. 1968 मध्ये एका हॉटेलात अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा कुक त्याच हॉटेलात होते; तेही त्याच पत्रात आलं. त्यांच्याकडे सांध्याचा प्रश्नच नव्हता, कारण आवाज एकच होता. आमच्या कार्यक्रमात दहा आवाज.

मी ध्वनिमुद्रण फितीवर व्हायचं त्या काळात शिकलो. फीत सेकंदाला पंधरा इंच धावायची. रीळ हातानं पुढंमागं फिरवत शब्दाची सुरुवात कानानं पकडायची, पेन्सिलीनं खूण करायची, तिरक्या खाचेत ब्लेड ओढायचं. काप तिरका, म्हणजे जोडावर टक् असा आवाज येत नाही. वेळ जास्त झाली की पहिली कात्री बोलणाऱ्याच्या श्वासावर. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेसात इंच फीत.

एकदा पुरात घरचं माणूस गमावलेल्या एका बाईंची मुलाखत मी अशीच आवळली. ऐकून बघतो तर प्रश्न संपतो न संपतो तोच उत्तर. जणू त्यांना काही झालंच नव्हतं. शब्द सगळे त्यांचेच होते, पण माणूस मी कापून काढला होता. जमिनीवरचे तुकडे वेचून मी एकेक परत जोडले आणि तेवढी वेळ दुसरीकडून काढली.

कोरी फीत लावून शांतता मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते : पंखा, भिंती, बाहेरचा रस्ता. म्हणून मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि अर्धा मिनिट नुसती खोली ध्वनिमुद्रित करायची. आज पडद्यावर शांतता सपाट रेघ दिसते आणि एक बटण दाबलं की सगळ्या रेघा गळतात. ते बटण माणसाच्या आवाजावर चालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या बाईंच्या मुलाखतीनंतर आमच्याकडे एक बासरीवादक होते. निवेदिकेनं लिहून आणलेलं दुव्याचं वाक्य आम्ही खोडलं. मुलाखतीच्या खोलीची शांतता सहा सेकंद ठेवली. मग फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, हळूहळू वर नेला, आणि सुराच्या आधी वादकाची फुंकर ऐकू आली.