गाडी आली असेल, आली असावी, आली असणार

(दृश्य : दादर स्थानक, सकाळचे साडेआठ. पुलावरून फलाटाकडे उतरणारी गर्दी.)

दादर स्थानकाच्या पुलावर सकाळच्या गर्दीत पाच मिनिटे उभे राहिले, तर व्याकरणाचा एक अख्खा धडा फुकट ऐकायला मिळतो. घड्याळाकडे पाहत एक जण म्हणतो, “गाडी आली असेल.” खालच्या पायऱ्यांवर एकाएकी वाढलेली लगबग पाहून दुसरा म्हणतो, “आली असावी.” तिसऱ्याच्या कानावर ब्रेकची किरकिर पडलेली असते, दोन-दोन पायऱ्या उतरत तो म्हणतो, “आली असणार!” गाडी तिघांपैकी कोणीही पाहिलेली नाही. तरीही आपली खात्री किती, हे प्रत्येकाने क्रियापदाच्या शेपटीतून अगदी मोजून सांगितले.

हेच काम इंग्रजी भाषा क्रियापदाच्या आधी एक छोटासा शब्द ठेवून करते. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट हे ते नऊ शब्द. त्यांना मॉडल क्रियापदे म्हणतात. पहिल्या प्रवाशाच्या ‘असेल’साठी तेथे माइट किंवा मे येईल आणि तिसऱ्याच्या ‘असणार’साठी मस्ट. मधल्या ‘असावी’ला नेमका जोडीदार नाही, कधी शुडने भागते, तर कधी ‘प्रॉबेबली’ या वेगळ्या शब्दाचा आधार घ्यावा लागतो. येथे मराठीकडे एक पायरी जास्त आहे, ही गोष्ट इंग्रजीच्या वर्गात सहसा कोणी सांगत नाही.

या शब्दांचे बाह्य नियम चटकन सांगता येतात. कर्ता कोणीही असो, त्यांना ‘एस’ लागत नाही; प्रश्न किंवा नकार करण्यासाठी ‘डू’ची मदत लागत नाही; आणि त्यांच्यानंतर मूळ क्रियापद ‘टू’शिवाय येते. तरीही ‘आय मस्ट टू गो’ हे वाक्य मुंबईत रोज ऐकू येते. ‘जायला पाहिजे’ यातील ‘ला’ बोलणाऱ्याच्या मनात इतका पक्का बसलेला असतो, की इंग्रजीतही त्या जागी काहीतरी हवे, असे त्याला वाटते. ‘कॅन एबल टू’ची चूकही याच जातीची आहे : ‘शकणे’ एकदा सांगून समाधान होत नाही, म्हणून ते दोनदा सांगितले जाते.

नियमांपेक्षा वाक्याची ठेवण अधिक विचार करण्याजोगी आहे. इंग्रजीत ‘आय मस्ट गो’ म्हणणारा ‘आय’ वाक्याच्या मुखाशी कर्ता म्हणून बसतो. मराठीत मात्र ‘मला जावे लागते’ असे म्हटले जाते. म्हणजे सक्ती बाहेरून येते आणि माझ्यावर येऊन पडते. हा ‘लागणे’ साधा शब्द नव्हे. ‘मी त्याचे पैसे देणे लागतो’ असे म्हणताना त्याच शब्दात कर्ज असते. आणि योगायोग असा, की इंग्रजीतील शॅल ज्या जुन्या क्रियापदापासून आला, त्याचा मूळ अर्थही ‘देणे लागणे’ असाच होता. देणेकऱ्याच्या ओझ्यातून कर्तव्याचा शब्द घडवावा, हे दोन्ही भाषांना एकमेकींना न विचारता सुचले.

(दृश्य : रूळ ओलांडू नयेत अशी सूचना देणारा त्रिभाषिक फलक.)

शॅलचे ते जुने वजन आज बोलण्यातून बरेचसे गेले आहे. कायद्यात मात्र ते टिकून आहे. मुंबईकराला याचे सर्वांत जवळचे उदाहरण रुळांपाशीच सापडते. रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणाऱ्यासाठी 1989 च्या रेल्वे अधिनियमात कलम 147 आहे. त्याच्या इंग्रजी पाठात शॅल आणि मे हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात. अशी व्यक्ती शिक्षेस पात्र होईल, येथे शॅल आहे. कारावास 6 महिन्यांपर्यंत किंवा दंड 1,000 रुपयांपर्यंत ‘असू शकेल’, येथे मे आहे. शॅलने गुन्ह्याला शिक्षेशी बांधून टाकले आणि मेने शिक्षेची कमाल मर्यादा ठरवून त्याखालचे माप न्यायाधीशावर सोपवले. हे दोन शब्द अदलाबदल केले, तर वाक्य व्याकरणाने शुद्धच राहील, पण कायदा वेगळा होईल.

प्रस्तुत निवेदकाला या शब्दांची किंमत मात्र न्यायालयात कळली नाही. ती कळली फोर्टमधील एका कार्यालयात, नोकरीच्या पहिल्या वर्षी. बाहेरगावच्या एका ज्येष्ठ गृहस्थांना कळवायचे होते, की शनिवारच्या बैठकीला आपण यायला नको, प्रवासाची दगदग नको. पत्रात लिहिले गेले, ‘यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे’. उत्तर एका ओळीचे आले आणि त्या ओळीत नमस्काराचाही पत्ता नव्हता. मस्टमध्ये सक्ती आहे, तेव्हा मस्ट नॉट म्हणजे सक्ती नाही, हा हिशेब वरवर बिनतोड दिसतो. प्रत्यक्षात मस्ट नॉट ही मनाई आहे. गृहस्थांनी वाचले ते एवढेच, की ‘आपण येता कामा नये’. सुटका द्यायची असेल, तर नीड नॉट किंवा डोन्ट हॅव टू हवे. घोळ होतो तो ‘नको’मुळे. ‘उद्या शाळेत यायला नको’ हे ऐकून मुले उड्या मारत घरी येतात, आणि ‘उद्या शाळेत येऊ नकोस’ हे ऐकलेला मुलगा पालकांना काय सांगावे या चिंतेत घरी येतो. ‘नको’ दोन्हीकडे आहे. इंग्रजीत या दोन दारांना दोन वेगळ्या किल्ल्या आहेत.

(दृश्य : सोसायटीचे कार्यालय. खिडकीपाशी उभी असलेली एक वृद्धा.)

“मला जरा विचारायचे होते,” असे म्हणून आजी सोसायटीच्या कारकुनापुढे उभ्या राहतात. त्यांना आत्ताच विचारायचे आहे, आणि तरीही ‘होते’. यावर ‘मग तेव्हाच का विचारले नाही?’ असे कोणी म्हणत नाही, कारण हा काळ भूतकाळ नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते. मागणी एक पाऊल मागे सारून मांडली, की ऐकणाऱ्याला नकार द्यायला जागा मिळते. त्या जागेलाच आपण सौजन्य म्हणतो. इंग्रजीतील ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’ अगदी हेच करतात. कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ, एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ‘कुड यू हेल्प मी’ हा प्रश्न विचित्र वाटतो, आणि मग तो ‘कॅन यू’वर थांबतो. मराठीत ‘जरा’, ‘द्याल का’ आणि ‘हं’ यांनी वाहिलेला मऊपणा भाषांतरात गळून पडतो, आणि स्वभावाने नम्र असलेला माणूस इंग्रजीत फटकळ ठरतो.

कुडची दुसरी अडचण शेवटच्या लोकलमध्ये बसलेल्याला येते. ‘काल मला शेवटची गाडी पकडता आली’ हे ‘आय कुड कॅच द लास्ट ट्रेन’ असे सांगितले, तर ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहत राहतो. एका विशिष्ट वेळी जमलेल्या कामासाठी इंग्रजी ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ वापरते. गाडी चुकली असेल, तर मात्र ‘कुडन्ट’ बिनदिक्कत चालते.

(दृश्य : पावसाळी सायंकाळ, पाण्याखाली गेलेले रूळ.)

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्याची नोंद 73 मिलिमीटरच्या आसपास होती. दक्षिण मुंबईच्या कार्यालयांत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे, याचा अंदाज आला नाही. खिडकीबाहेर नेहमीचा पाऊस होता, आणि ‘तिकडेही एवढाच असेल’ असे म्हणून लोक कामात राहिले. त्या रात्री मैलोन्‌मैल चालत घर गाठणाऱ्यांच्या तोंडी आजही एक वाक्य असते : “लवकर निघालो असतो, तर घरी पोहोचलो असतो.” मराठीने ‘असतो’ दोन्हीकडे ठेवला, कारण निघणेही घडले नाही आणि पोहोचणेही घडले नाही. म्हणून इंग्रजीतही वुड दोनदा येतो, ‘इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्ली’ अशी सुरुवात होते आणि शिक्षकांची लाल रेघ तेथेच पडते. प्रमाण इंग्रजीत न घडलेल्या अटीला हॅड मिळतो आणि न मिळालेल्या फळाला वुड : ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव रीच्ड होम.’ निघण्याच्या वाट्याला वुड येत नाही. तो घरी पोहोचण्यासाठी राखून ठेवलेला असतो.