धाव नाही, बळी नाही, झेल नाही

नमस्कार, श्रोतेहो.

सामना संपतो, खेळाडू हात मिळवतात आणि मग एक नाव पुकारलं जातं: सामनावीर. मैदानात अकरा जण राबले, पण नाव एकाचं. आणि बहुतेक वेळा ते नाव सर्वांत जास्त धावा करणाऱ्याचं असतं. हे मला खटकतं. का खटकतं ते सांगण्याआधी एक किस्सा ऐकवतो, माझा फार आवडता.

साल 2001, जून महिना, मैदान हरारेचं. वेस्ट इंडीजने 50 षटकांत 5 बाद 266 धावा केल्या. झिम्बाब्वेने नेटाने पाठलाग केला, पण 9 बाद 239 झाल्या आणि षटकं संपली. वेस्ट इंडीज 27 धावांनी जिंकलं. आता सामनावीर कोण? तुम्ही-आम्ही धावफलक पुढ्यात घेतला असता आणि मोठे आकडे शोधले असते. नाव जाहीर झालं कॅमेरॉन कफीचं. कफी वेगवान गोलंदाज. त्याच्यावर फलंदाजीची वेळच आली नव्हती. त्याला एकही बळी मिळाला नव्हता. त्याने झेलही घेतला नव्हता. पुन्हा सांगतो, नीट ऐका: धाव नाही, बळी नाही, झेल नाही. आणि तरी सामनावीर!

त्याने केलं काय? 10 षटकं, त्यातली 2 निर्धाव, धावा फक्त 20. षटकामागे दोन. झिम्बाब्वेला हव्या होत्या षटकामागे सव्वापाचाहून जास्त. मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. उरलेल्या 40 षटकांत झिम्बाब्वेच्या धावा झाल्या 219, म्हणजे षटकाला जवळजवळ साडेपाच. कफीलाही त्याच दराने मार बसला असता, तर त्याच्या 10 षटकांत पंचावन्नच्या आसपास धावा गेल्या असत्या. म्हणजे पस्तीसेक धावा जास्त. आणि विजय किती धावांचा? 27! सामना त्या 60 चेंडूंतच होता, श्रोतेहो.

एका टोकाकडून असं टिच्चून टाकणारा असला, की फलंदाज दुसऱ्या टोकाला उतावीळ होतो. बळी पडतो तो तिथे. नोंद एकाच्या नावावर, पण फास आवळलेला असतो दुसऱ्याने. त्या दिवशी निवड करणाऱ्यांनी आकड्यांच्या मागचा सामना पाहिला, म्हणून मला त्यांच्याबद्दल आजही आदर वाटतो.

    

तर मुद्दा हा, की बॅटने केलेलं काम चटकन दिसतं, बाकीचं दिसत नाही. क्षेत्ररक्षणाचं तर नाहीच. 1993 साली मुंबईत वेस्ट इंडीजविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या जाँटी ऱ्होड्सने पाच झेल घेतले आणि तो सामनावीर ठरला. पण एका डावात पाच झेल कोण रोज घेणार?

2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. विराट कोहलीच्या 76 धावा, सामनावीर तोच. खेळी मोलाची, सुरुवातीचे गडी पडल्यावर डाव सावरणारी. पण दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या होत्या, तेव्हा चेंडू हातात घेतला जसप्रीत बुमराहने. शेवटच्या दोन षटकांत त्याने दिल्या फक्त 6 धावा. चार षटकांत 18 धावा, 2 बळी. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला, ते योग्यच. पण त्या सामन्यापुरतं माझं मतही बुमराहलाच.

आणि एक नाव काढता येत नसेल तर? तर काढू नये. 1996 साली गयानात न्यूझीलंडचा संघ 158 धावांत गारद झाला आणि तरीही त्यांनी वेस्ट इंडीजला 154 वर रोखलं. चार धावांनी विजय. सामनावीर म्हणून जाहीर झाला न्यूझीलंडचा अख्खा संघ. पुन्हा सांगतो, अख्खा संघ. नियम आडवा आला नाही, कोणाची तक्रार मी ऐकली नाही. असा सामना पुन्हा झाला, तर निवड करणाऱ्यांनी अकराही नावं घ्यायला कचरू नये, एवढीच माझी मागणी आहे. नमस्कार.