सोडून जाणाऱ्याला पहिलं काम कोण देणार?

(कोल्हापुरात तरुण उद्योजक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'कोल्हापुरात आयटी क्लस्टर कसं उभं राहील'. त्यावर मी बोलणार आहेच. पण सुरुवात मला शिवाजी उद्यमनगरातून, म्हणजे कोल्हापूरच्या जुन्या औद्योगिक वसाहतीतून करू द्या. समोरच्या रांगेत काही जुने कारखानदार बसलेत, त्यांना ही गोष्ट माहीत असेल. मागे बसलेल्या मुलांना बहुधा नसेल, आणि आज मी आलोय तो मुख्यतः त्यांच्यासाठी.

उद्यमनगरात माझ्या वडिलांचं दोन लेथचं दुकान होतं. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे: बुश, पिना, व्हॉल्व्ह गाइड. त्या काळात कोल्हापूरचं इंजिन विहिरीवर चालायचं, उसाच्या घाण्यावर चालायचं. म्हादबा मेस्त्रींसारखा माणूस ह्याच मातीतला, कागदावरचं शिक्षण नसताना इंजिन घडवणारा. त्यांचं नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जायचं. वडिलांच्या हाताखाली एक पोरगा होता. करवीरच्या एका खेड्यातनं सायकलवर यायचा. सहा-सात वर्षं राहिला, हात चांगला बसला. एके वर्षी दसऱ्याच्या आधी आठवडाभर तो वडिलांसमोर येऊन उभा राहिला, मान खाली घालून. म्हणाला, ''मेस्त्री, एक जुनी लेथ मिळालीया. पलीकडच्या बोळात गाळा घेतलाय.''

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, शाळा सुटल्यावर डबा घेऊन गेलेलो. मला वाटलं आता वडील चिडणार. त्यांनी हातातला जॉब पुरा केला, मशीन बंद केली, वेस्टनं बोटं पुसली आणि विचारलं, ''चक हाय का तिला?''

चक नव्हता. जुनी लेथ घेताना पैसे तिथंच संपलेले.

खंडेनवमीला आमच्या मशिनींची पूजा झाली आणि वडील त्याच्या गाळ्याकडं निघाले. माझ्या हातात नारळ, त्यांच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला फोर जॉ चक. चक म्हणजे लेथवर जॉब पकडणारा पंजा. ज्यांनी तो उचललाय त्यांना त्याचं वजन ठाऊक आहे. त्यांनी तो स्वतः बसवला, डायल लावून फिरवून बघितला, हळदकुंकू वाहिलं. मग आमच्या दुकानातनं आणलेली बुशांची शंभर कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले कच्चे भाग, त्याच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ''शुक्रवारपर्यंत दे. मापात आलं तरच पैसं.''

रात्री आईनं विचारलं, ''आपलं काम त्याला कशाला दिलंत?'' वडील जेवता जेवता म्हणाले, ''मला बी कुणीतरी दिलं हुतंच की.''

हा प्रसंग मी गेली तीस वर्षं जिथं संधी मिळेल तिथं सांगतो. त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दहा वर्षांत आमच्या बोळात वडिलांच्या हाताखालून गेलेल्यांची तीन दुकानं झाली. आणि वडील अशा ऑर्डरी घ्यायला लागले ज्या दोन लेथवर त्यांना जन्मात झेपल्या नसत्या. टर्निंग आमच्याकडं, मिलिंग समोर, स्लॉटिंग कोपऱ्यावर, हार्डनिंगला पलीकडच्या गल्लीत. हातगाडीवर माल फिरायचा. चार माणसांचं दुकान चाळीस माणसांचं काम घेऊ शकत होतं, कारण उरलेली छत्तीस माणसं हाकेच्या अंतरावर होती आणि त्यांची मापं, त्यांचा हात, त्यांचा शब्द वडिलांना माहीत होता. क्लस्टर म्हणजे हे. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० साली हेच मांडलं होतं: एक धंदा एका जागी मुरला की त्यातल्या खुब्या गुपित राहत नाहीत, त्या जणू हवेतच असतात आणि पोरं त्या नकळत शिकतात. उद्यमनगरात मी ती हवा नाकानं घेतलीय. तिला कूलंटचा वास यायचा.

ऑइल इंजिनाचे दिवस गेले. गावोगाव वीज आली, विहिरीवर मोटारी बसल्या, इंजिनाची मागणी आटली. एकच मोठा कारखाना असता तर टाळं लागलं असतं. पण इथं शेकडो दुकानं होती. त्यांनी हळूहळू मोटारींच्या कास्टिंगकडं मोहरा वळवला. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल धरून सुमारे तीनशे फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारे कारखाने आहेत. ही लवचीकता कुठल्या सरकारी योजनेतनं आली नाही. सोडून जाणाऱ्याला चक देणाऱ्या माणसांतनं आली.

आता मुलांनो, अमेरिकेकडं चला. १९५७ साली कॅलिफोर्नियात शॉक्ली नावाच्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतनं आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टरची कंपनी काढली. अकरा वर्षांनी त्यांतलेच दोघं, नॉइस आणि मूर, फेअरचाइल्ड सोडून गेले आणि इंटेल ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. आठांतला तिसरा, क्लायनर, पुढं भांडवल पुरवायला लागला, म्हणजे नव्यांना चक द्यायला लागला. ह्यामागं कायद्याचाही हात आहे. न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड नावाच्या वकिलानं दिवाणी कायद्याचा एक मसुदा केला होता. त्यात म्हटलं होतं की माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार मुळातच पोकळ. खुद्द न्यूयॉर्कनं तो मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियानं १८७२ मध्ये स्वीकारला. त्यामुळं तिथं कंपनी सोडून जाणाऱ्याला 'दोन वर्षं ह्या धंद्यात पाऊल टाकू नकोस' असं बांधता येत नाही. बॉस्टनच्या बाजूला बांधता यायचं. तिथंही उत्तम विद्यापीठं होती, बलाढ्य संगणक कंपन्या होत्या, आणि तरी ते मागं पडले. त्याचं हे एक कारण अभ्यासक सांगतात.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. त्याच १८७२ साली आपल्याकडं भारतीय करार कायदा झाला. त्याचं सत्ताविसावं कलम वाचा. ते त्याच फील्डच्या मसुद्यावरनं घेतलंय! सिलिकॉन व्हॅलीला जे कलम मिळालं तेच आपल्याला मिळालं, त्याच वर्षी. दीडशे वर्षं ते आपल्या पुस्तकात आहे. कुणी टाळ्या वाजवल्या तर मला आनंद होईल, कारण हे कलम सापडलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मग इथं काय होतं? हे बोलताना मला आजही राग येतो, तो मी लपवणार नाही.

मी इंजिनिअर झालो आणि एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. कंपनीचं नाव मी घेणार नाही, ते महत्त्वाचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दहावीपासूनच्या मूळ मार्कलिस्ट मागितल्या, ''तपासायला''. त्या कपाटात गेल्या. तीन वर्षांचा बाँड होता. दीड वर्षानं मी आणि एक मित्र, आम्हाला फाउंड्रीसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. मी राजीनामा दिला, मार्कलिस्ट मागितल्या. ''बाँड पुरा कर, मग बघू.'' चार महिने मी त्या कपाटाकडं बघत काम केलं. राखाडी रंगाचं लोखंडी कपाट, वरच्या फळीवर फायली, माझी फाईल निळी. ती मला काचेतनं दिसायची.

शेवटी घरी सांगितलं. वडील दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर आले. पांढरा पायजमा, टोपी, नखांत ग्रीस. मालक चांगला शिकलेला माणूस, त्यानं त्यांना चहा दिला. म्हणाला, ''काका, उद्या हा माझंच गिऱ्हाईक घेऊन जाईल, मग मी काय करू?'' वडिलांनी विचारलं, ''ह्याला शिकवायला तुमचा खर्च किती झाला?'' मालकानं आकडा सांगितला, नऊ हजार. वडिलांनी कोपरीच्या खिशातनं पैसे काढून मोजले. दुकानाच्या मालाचे पैसे होते ते, मला ओळखू आलं, कारण नोटांना तेलाचे डाग होते. कपाट उघडलं. निळी फाईल माझ्या हातात आली.

घरी येताना मला वाटलं ते त्या माणसाला शिव्या देतील. बिंदू चौकापर्यंत काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ''वाईट नाही रं तो. त्येच्याकडं काम कमी हाय. काम कमी आसलं की मानूस कपाटाला कुलूप लावतो.''

ह्या एका वाक्यावर माझा सगळा विचार उभा आहे. नोकरीत असताना घेतलेल्या प्रशिक्षणाचा वाजवी खर्च मागणं वेगळं, न्यायालयंही ते मान्य करतात. पण पोराची मार्कलिस्ट अडकवणं वेगळं. आणि ही पद्धत अजून आहे. गेल्या वर्षी माझ्याकडं एक मुलगी आली होती, तिचीही कागदपत्रं अशीच अडकलेली. तिनं सांगायला सुरुवात केली आणि मला तिच्या मागं ते राखाडी कपाट दिसायला लागलं.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं राहिलीत. ठीक आहे. मूळ विषयावर येतो, भराभर सांगतो.

पुण्याकडं बघून आपण म्हणतो, आम्हाला हिंजवडीसारखं आयटी पार्क द्या. पण पुण्यात हिंजवडी शेवटी आली. आधी १९८१ साली टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था आली, १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था, १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथला 'परम ८०००' हा महासंगणक. पर्सिस्टंट आणि केपीआयटी ह्या सॉफ्टवेअर कंपन्या दोन्ही १९९० च्या. त्याआधी टेल्को, बजाज, किर्लोस्कर, आणि महाविद्यालयं. माणसं होती, काम होतं, मग इमारती झाल्या. आणि इन्फोसिस? सात जण पुण्यात पाटणी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडले आणि १९८१ साली पुण्यातच कंपनी काढली. १९८३ मध्ये बिऱ्हाड बंगळुरूला हललं, कारण मायको ही मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी, त्यांचं गिऱ्हाईक, तिथं होती. जिथं काम, तिथं माणूस जातो. शुक्रवारी रात्री स्वारगेटला कोल्हापूरच्या गाड्यांची रांग बघा, तुम्हाला तेच दिसेल. २०२० मध्ये हीच पोरं घरी येऊन वर्ष-दोन वर्षं इथनं काम करत होती. गावात इंटरनेट आहे, पोरं आहेत. काम पुण्याचं होतं, म्हणून परत बोलावणं आलं की गेली.

म्हणून पहिली गोष्ट, काम. ते आठ किलोमीटरवर आहे. फाउंड्रीत भट्टीतनं निघणाऱ्या प्रत्येक धातूच्या घाण्याला हीट नंबर असतो. कुठल्या हीटमध्ये काय मिसळलं, कुठलं कास्टिंग कशामुळं रिजेक्ट झालं, हे अजून बऱ्याच ठिकाणी भट्टीशेजारच्या वहीत लिहितात. त्या पानावर काजळीचा अंगठा उमटलेला असतो. गाडीची कंपनी दोन महिन्यांनी विचारते, हा तडा कशानं? मग पानं उलटत बसायचं. इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी, साखर कारखाने, दूध संघ, प्रत्येकाकडं अशी एकेक वही आहे. आमचे सॉफ्टवेअरवाले अमेरिकेत गिऱ्हाईक शोधतात. शोधा जरूर. पण ती वही उघडणारा इथं आधी तयार झाला, तर तोच उद्या जगातल्या कुठल्याही फाउंड्रीला माल विकेल. बाहेरचा माणूस कोल्हापूरएवढा फाउंड्रीजवळ राहत नाही.

दुसरी गोष्ट सामायिक सोयींची. फाउंड्रीवाल्यांनी वापरलेली वाळू पुन्हा वापरता यावी म्हणून एकत्र येऊन प्रकल्प उभा केला, कारण एकट्याला तो परवडत नाही. १९९० च्या सुमाराला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क निघाले तेव्हाही तेच झालं. उपग्रहाची जोडणी एका छोट्या कंपनीच्या आवाक्याबाहेरची होती, ती सगळ्यांसाठी घेतली. आज आपल्याला सामायिक काय हवंय? करार वाचणारा एक चांगला वकील. निर्यातीची कागदपत्रं करणारा एक माणूस. सॉफ्टवेअर तपासणारी एक तुकडी. दहा कंपन्यांनी मिळून ठेवलं तर जड नाही.

तिसरी गोष्ट कपाटाची. इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी एकत्र बसून एवढंच ठरवावं: कुणाचंही मूळ प्रमाणपत्र ठेवून घेणार नाही, आणि सोडून जाऊन इथंच दुकान काढणाऱ्याला वर्षभरात एक तरी काम देऊ. एक काम, शंभर बुशांएवढं.

आयटी पार्कची जागा, इमारत, सगळं व्हावं, माझा विरोध नाही. पण इमारत बांधली आणि काम नाही, माणसं नाहीत, तर ती नुसती उभी राहते.

वेळ संपली. शेवटचं एक. येत्या मंगळवारी सकाळी साडेसातला शिरोलीतल्या एका फाउंड्रीत जायचं ठरलंय. मालक इथं बसलेत, त्यांनी वही दाखवायला होकार दिलाय. सॉफ्टवेअरची पंधरा पोरं न्यायची आहेत. नावं दाराजवळच्या टेबलावर लिहा. पहिली हीट आठला निघते, उशीर करू नका. सुती कपडे घाला आणि पायात बंद बूट. कोल्हापुरी चप्पल घालून भट्टीजवळ सोडणार नाहीत.