बार्नस्टॉर्मर्स: छताखालचा फुटबॉल

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे शंभर यार्डांचं मैदान आणि एका बाजूला अकरा धिप्पाड गडी. जिम फॉस्टर यांनी 1981 साली तो छताखाली आणायचं ठरवलं आणि हाताशी होतं त्या पाकिटावर मैदानाचा नकाशा काढला. लांबी पन्नास यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तर होते त्याहून थोडी जास्त. खेळाडू आठ. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी. तिच्यावर आपटून परत आलेला चेंडूही खेळातच! हाच अरीना फुटबॉल.

याच फॉस्टर यांनी 1995 मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात संघ काढला, आयोवा बार्नस्टॉर्मर्स. बार्नस्टॉर्मर म्हणजे गावोगाव विमानाच्या कसरती करून दाखवणारे जुने वैमानिक. म्हणून खेळाडूंच्या हेल्मेटवर चक्क वैमानिकाचा गॉगल रंगवलेला.

या संघाचं नाव निघालं की लोक लगेच त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, कर्ट वॉर्नरवर येतात. साहजिक आहे. मोठ्या मैदानावरच्या एनएफएल या मुख्य लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्स संघानं सोडून दिल्यावर हा गडी किराणा दुकानात रात्रपाळीला तासाला साडेपाच डॉलरवर माल लावत होता. तिथून तो बार्नस्टॉर्मर्सकडे आला, पुढे एनएफएलमधल्याच सेंट लुइस रॅम्सला सुपर बाउल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. गोष्ट झकासच, पण तिच्यामागे संघ पार झाकला जातो. वॉर्नर असताना बार्नस्टॉर्मर्स दोनदा अंतिम फेरीत गेले आणि दोन्ही वेळा हरले. 1996 ला तर घरच्या प्रेक्षकांसमोर, टॅम्पा बे स्टॉर्मकडून 42-38. चारच गुण कमी पडले हो!

मग संघ विकला गेला आणि 2001 पासून न्यूयॉर्क ड्रॅगन्स झाला. जुन्या नावाचा नवा संघ डे मॉइनमध्ये अरीना फुटबॉलच्या खालच्या लीगमध्ये उतरला आणि एका हंगामात आटोपला. या धंद्यात मालकाचा हिशेब जुळेना की संघ असे उठतात.

नाव परतलं 2008 मध्ये, पुन्हा खालच्याच पायरीवर. दोन वर्षांनी वरच्या लीगमध्ये बढती, आणि 2015 पासून इनडोअर फुटबॉल लीग ही छताखालचीच वेगळी स्पर्धा. या लीगमध्ये ती जाळीसुद्धा नाही.

तिथेच 2018 मध्ये अंतिम सामना लागला सू फॉल्स स्टॉर्मशी. 2011 पासून सलग सहा विजेतेपदं खिशात घातलेला दादा संघ. बार्नस्टॉर्मर्सनं त्यांना 42-3 असं लोळवलं आणि पहिलं विजेतेपद घेतलं. तेव्हा वॉर्नर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती.